राक्षसाचे उलटे हात

रविवारी दुपारी इंदिरानगरला बहिणीकडे गेले होते. हॉलमधलं टेबल भिंतीला लावलेलं, खाली सतरंजी अंथरलेली, आणि तिच्यावर माझा भाचा आणि त्याचे चार मित्र गोल करून बसलेले. मधे कागद, पेन्सिली, वीस बाजूंचा एक फासा आणि शेंगदाण्यांची वाटी. एक जण गोष्ट सांगत होता, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होऊन फासा टाकत होते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा हा खेळ. इंजिनिअरिंगची ही मुलं दर रविवारी चार-पाच तास त्यात रमतात. मोबाइल बाजूला ठेवून तोंडाने गोष्ट रचणारी मुलं बघितली की मला मनापासून बरं वाटतं.

उघड्या पुस्तकात एक चित्र होतं. वाघाचं डोकं, अंगात भरजरी झगा, आणि हात असे की तळवा असायला हवा तिथे हाताची पाठ. आई वाटी भरून द्यायला आली आणि थबकली. ती बागलाणातली. नाशकात येऊन पन्नास वर्षं झाली, तरी अचानक काही दिसलं की तोंडातून अहिराणीच येते.

“हाऊ कोन शे रे?”

“राक्षस आहे, आजी.”

तिने चष्मा नीट केला. “हा तर वाघ. आणि हात कसे उलटे?”

“राक्षसाचे हात उलटेच असतात. पुस्तकात लिहिलंय.”

“उलटे पाय असतात,” आई म्हणाली, “आणि ते हडळीचे. राक्षस तुझ्यामाझ्यासारखाच दिसतो. म्हणून तर इथे पंचवटीत दारात येऊन उभा राहिला तेव्हा सीतेला ओळखू आला नाही.”

मुलं गप्प झाली. मीसुद्धा. मी मुद्रितशोधनाचं काम करते, दिवसभर दुसऱ्यांच्या शब्दांच्या मागे असते, पण आईने जे एका वाक्यात सांगितलं ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ज्या गावाचं नावच, परंपरा सांगते त्याप्रमाणे, एका राक्षसीच्या कापलेल्या नाकावरून पडलं, त्या गावातली मुलं राक्षस म्हणजे काय हे अमेरिकेत छापलेल्या पुस्तकातून शिकत होती. त्यांना कमी लेखायला मी हे लिहीत नाही. मला प्रश्न पडला तो नावाचा: एखादं नाव आपली भाषा सोडून परक्या खेळात जातं, तेव्हा त्याच्याबरोबर काय जातं आणि मागे काय राहतं? आणि आता आपणही खेळ बनवायला निघालो आहोत, तर आपण नावं कशी घेणार?

काल्पनिक जगातल्या नावांची गोष्ट टॉल्किन यांच्यापासून सुरू करावी लागते, कारण आजच्या बहुतेक खेळांतले बुटके, एल्फ आणि ऑर्क त्यांच्याच दारातून आले. ते ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांच्या 1937 च्या पहिल्या कादंबरीतल्या बुटक्यांची नावं, थोरिन, ड्वालिन, बाँबुर, ही त्यांनी मनाने रचलेली नाहीत. 13 व्या शतकात आइसलंडमध्ये लिहून ठेवलेल्या एका जुन्या नॉर्स काव्यात बुटक्यांच्या नावांची लांबलचक यादी आहे, तिच्यातून ती उचलली. गँडाल्फ हे नावही त्याच यादीतलं. त्यांनी एल्फांसाठी ज्या दोन भाषा घडवल्या त्यांतल्या एकीला फिनिशचा नाद आहे, दुसरीला वेल्शचा. घोडेस्वारांच्या राज्यातली नावं सरळ जुन्या इंग्रजीतली आहेत. तिथल्या राजाचं नाव थिओडेन, आणि जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थच मुळी राजा, स्वामी असा आहे.

वाचणाऱ्याला यातलं काही माहीत नसतं. तरी कानाला कळतं. पिंपळनेर, अमळनेर, जामनेर, पारनेर ही नावं ओळीने ऐकली की नकाशा न बघता आपल्याला कळतं, हा एक मुलूख आहे. त्यात कुणी मधेच कणकवली म्हटलं तर आपण दचकतो. नावांना गोत असतं. टॉल्किन यांनी ते गोत राखलं, म्हणून त्यांचं जग खरं वाटतं. त्यांच्या मागून आलेल्या शेकडो खेळांनी नावांचा नाद तेवढा घेतला. इकडे एक उच्चारचिन्ह, तिकडे एक ‘थ’, शेवटी ‘डोर’ किंवा ‘हाइम’. असल्या नावांच्या मागे कुणी बोलणारं नसतं, आणि खेळून उठल्यावर त्यातलं एकही लक्षात राहत नाही.

1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आणला. या खेळाची भूक मोठी. दर महिन्याला नवे प्राणी, नवे शत्रू लागायचे, मग जगभरच्या पुराणांत हात घालणं सुरू झालं. तिआमत ही बाबिलोनची आदिम समुद्रदेवता. खेळात ती पाच डोक्यांची ड्रॅगन झाली. बहामूत हा मध्ययुगीन अरबी विश्ववर्णनातला अवाढव्य मासा. त्याच्या पाठीवर बैल उभा, आणि वर सगळी पृथ्वी. खेळात तोही ड्रॅगन झाला, आणि तिथून जपानी खेळांतही ड्रॅगन म्हणूनच गेला. आज जगातली बहुतेक मुलं बहामूत म्हटलं की पंखच डोळ्यांपुढे आणतील. आपल्याकडून राक्षस गेला, नाग गेला, देव गेला. वेदांतले मरुत, वादळाचे देव, तिथे मरण चुकवू पाहणाऱ्यांना गाठणारं यंत्र झाले.

याच काळातली एक घटना मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते. सुरुवातीला या खेळात हॉबिटही होते, म्हणजे टॉल्किन यांच्या कादंबरीतली ठेंगणी माणसं. टॉल्किन यांच्या साहित्याचे हक्क ज्यांच्याकडे होते त्यांनी हरकत घेतली आणि ते नाव काढावं लागलं. हॉबिटचा हाफलिंग झाला, चालत्या-बोलत्या झाडांना एंट म्हणत त्यांचं ट्रीअंट झालं. एंट हा तर जुन्या इंग्रजीतला राक्षसकाय माणसासाठीचा शब्द, कुणा एकाच्या मालकीचा नव्हे. म्हणजे एका लेखकाच्या, तेव्हा चाळीस वर्षं जुन्या शब्दाला वकील होता. राक्षस, नाग, देव या हजारो वर्षं कोट्यवधी तोंडांत असलेल्या शब्दांची बाजू मांडायला कुणी नव्हतं. जे सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, असा तो न्याय.

म्हणून आपणही हक्क सांगावा का? ‘स्माइट’ या खेळातल्या कालीच्या चित्रणावर 2012 मध्ये अमेरिकेतल्या हिंदूंच्या काही प्रतिनिधींनी आक्षेप घेतला होता. असे आक्षेप अधूनमधून उठतात. आपल्याकडेही अशी बातमी आली की ‘आमच्या देवांची नावं खेळात नकोत, बंदी घाला’ असे संदेश फिरायला लागतात. ज्यांचं मन दुखतं त्यांच्या दुखण्याला मी खोटं म्हणणार नाही. घरी ज्या नावापुढे रोज निरांजन लावतो ते नाव गोळ्या खाऊन पडताना बघणं सोपं नाही. पण बंदीची मागणी मला मान्य नाही. नावं कुलूपबंद करायची ठरवलं तर पहिलं कुलूप आपल्याच पूर्वजांच्या तोंडाला लावावं लागेल.

असुर हा शब्द घ्या. ऋग्वेदात वरुणाला असुर म्हटलंय, अग्नीला म्हटलंय, खुद्द इंद्रालाही म्हटलंय, आणि ते गौरवाने. तोच शब्द इराणमध्ये अहुर झाला. पारशी बांधव आजही ज्याला भजतात तो अहुर मज्द. उलट आपला देव हा शब्द अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, दएव होऊन दुष्ट शक्तींचं नाव बनला. दोन सख्ख्या भाषांनी एकमेकींचे देव आणि दैत्य अदलाबदल करून घेतले. पुढे आपल्याकडेही असुर खाली घसरला. पण तरीही संस्कृत नाटकात नंदांच्या एकनिष्ठ अमात्याचं नाव राक्षस आहे आणि ते घेताना कुणाला काही वावगं वाटत नाही. आपल्या बांधाबांधावर शेंदूर लावलेला म्हसोबा बसलाय; इतिहासकार दामोदर कोसंबींनी त्याचं नातं सरळ महिषासुराशी लावलं. सप्तशृंगी गडावर महिषासुराला मारणारी देवी आणि खाली शेतात त्याच रेड्याच्या नावाचा राखणदार, दोघांनाही नारळ फोडणारी आपण माणसं. आणि झारखंडात असुर याच नावाची एक जमात आहे, पिढ्यान्‌पिढ्या लोखंड गाळणारी. तिथल्या मुलाला शाळेत ‘असुर म्हणजे दैत्य’ असं शिकवलं जातं तेव्हा त्याला काय वाटत असेल, हा विचार आपण परदेशी खेळांवर रागावण्याआधी करायला हवा.

तेव्हा अर्थ बदलला म्हणून माझी तक्रार नाही. शब्द चालतो तेव्हा बदलतोच. रिचर्ड गॅरियट यांच्या 1985 च्या ‘अल्टिमा 4’ या खेळात एक विलक्षण गोष्ट होती: मारायला मोठा शत्रूच नव्हता. आठ सद्‌गुण अंगी बाणवायचे आणि शेवटी ‘अवतार’ व्हायचं. अवतरणं म्हणजे खाली उतरणं, तिथे ते वर चढणं झालं. तरी शब्दाला काही वजन असतं याची जाण त्यात होती. आता तोच शब्द पडद्यावरच्या आपल्या छोट्या चित्रापुरता उरलाय. आणि गंमत म्हणजे आपली आई-आजी ‘काय हा अवतार करून आलास!’ म्हणते, तेव्हा तिला साधारण तेच म्हणायचं असतं.

तक्रार आहे ती बहिरेपणाची. ‘गिल्ड वॉर्स 2’ या खेळात असुर नावाची एक जात आहे: ठेंगणी, लांब कानांची, यंत्रं बनवणारी, हुशार. गोड आहेत. पण त्यांना असुर का म्हणायचं? त्या जागी दुसरा कुठलाही तीन अक्षरी शब्द चालला असता. आता दुसरा असुर बघा. जपानच्या नारा शहरात कोफुकुजी मंदिरात 734 सालची आशुराची मूर्ती आहे, तीन मुखं, सहा हात. असुर बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिथे पोहोचला, तेराशे वर्षं राहिला, तिथल्या माणसांनी त्याच्यापुढे हात जोडले. ‘फायनल फँटसी’ या जपानी खेळमालिकेच्या चौथ्या भागात तीन चेहऱ्यांची असुरा भेटते तेव्हा त्या नावामागे हा सगळा रस्ता आहे. आपल्या पुराणांशी ती जुळत नाही, नसेना का. जपानी माणसाकडे तिचं स्वतःचं आजोळ आहे. त्याच मालिकेत शिव मात्र बर्फाचा मारा करणारी एक निळसर बाई आहे. कैलासाची थंडी आणि निळा रंग तेवढा पोहोचला असावा असा माझा अंदाज. सरस्वतीला बेन्झाइतेन म्हणून आणि इंद्राला ताइशाकुतेन म्हणून ज्यांनी इतक्या निगुतीने सांभाळलं, त्याच देशात हेही घडलं. एकाच घरात दोन्ही तऱ्हा नांदू शकतात. फरक कुणी घेतलं यात नसून घेताना कान उघडे होते का यात आहे.

राक्षसाच्या बाबतीतही थोडं पोहोचलं आहे, हे कबूल करायला हवं. खेळातला राक्षस रूपं बदलतो, भुलवतो. मारीच आणि शूर्पणखा तेच करतात. पण शूर्पणखा या नावात सूप आहे हे त्या पुस्तकातून कसं कळणार? शूर्प म्हणजे सूप, धान्य पाखडायचं. सुपासारखी नखं जिची ती. आईने हे मुलांना सांगितलं आणि स्वयंपाकघरातून खरंच सूप आणून दाखवलं, तेव्हा एका मुलाने नकळत आपली नखं बघितली. वाघाच्या डोक्याने जो धाक बसला नव्हता तो त्या बांबूच्या सुपाने बसला.

पुढच्या रविवारी मी भाच्याला पांडवलेण्यांवर नेलं. लेखांचं वाचन वहीत उतरवून घेतलं होतं, कारण ब्राह्मी मला वाचता येत नाही. 19 क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन कुळातल्या कण्ह राजाचा उल्लेख आहे, आणि त्याच ओळीत नासिक हे नाव आहे. दोन हजार वर्षांहून जुनं. कण्ह म्हणजे कृष्ण. त्याचाच पुढे कान्हा झाला. मग 17 क्रमांकाचं लेणं. ते खोदवून घेणाऱ्याचं नाव इदाग्निदत, म्हणजे इंद्राग्निदत्त. बापाचं नाव धम्मदेव. वाचताना वाटतं, कुणी इथलाच गृहस्थ असेल. पण लेख पुढे सांगतो: हा उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा, योनक. योनक म्हणजे यवन, ग्रीक.

भाचा म्हणाला, “म्हणजे मावशी, याने पण आपलं नाव उचललं?”

हो, उचललं. ग्रीक माणसाने इंद्र आणि अग्नी असे दोन वैदिक देव आपल्या नावात घेतले, बुद्धाच्या भिक्षूंसाठी लेणं कोरलं आणि ते सगळं इथल्या प्राकृतात लिहून ठेवलं. डोंगराचं नाव त्याने त्या वेळी चालत होतं तेच लिहिलं, तिरण्हु, आजचा त्रिरश्मी. आणि कोरलेल्या वस्तूला शब्द वापरला ‘लेण’. आपण पायऱ्या चढताना जो शब्द वापरतो तोच. त्याने नाव घेतलं आणि नावाबरोबर भाषा घेतली, डोंगर घेतला, शेजार घेतला. नंतरच्या काळात आपण या बौद्ध लेण्यांना पांडवांची करून टाकलं, हेही भाच्याला सांगितलं. ज्यांनी ती कोरली त्यांचा विसर पडला म्हणून तसं झालं. परक्यांनी आपल्या नावांचं जे केलं ते आपणही इथे, आपल्याच शहराच्या वेशीवर केलंय.

आता वळते आपल्या खेळांकडे. ऑगस्ट 2020 मध्ये ‘मन की बात’मधून पंतप्रधानांनी भारतीय कल्पनांवर संगणकीय खेळ बनवा असं आवाहन केलं. महाराष्ट्र सरकारनेही 2025 मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी धोरण मंजूर केलं. ‘आपल्या गोष्टी, आपले नायक’ हे शब्द भाषणांत सतत येतात. त्याच 2020 च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या तरुणांनी बनवलेला ‘राजी’ हा खेळ आला आणि जगभर खेळला गेला. महाबलासुराशी लढणारी राजी आणि तिचा हरवलेला भाऊ. मला त्यातलं सर्वांत आवडलेलं नाव त्या भावाचं आहे: गोलू. महाबलासुर पोथीतून येऊ शकतो, गोलू फक्त घरातून येतो. बहीण गोलूला शोधतेय म्हटलं की कुठल्याही गावातल्या माणसाच्या पोटात कालवतं.

पण बाकी ठिकाणी मला दिसतं ते वेगळं. ओळखीतल्या दोन मुलांनी एका खेळाचा आराखडा दाखवला. नायक अग्निवीर्य, नायिका तेजस्विनी, खलनायक अंधकासुर, नगरी दिव्यपुरी. मी विचारलं, ही माणसं घरी कुठली भाषा बोलतात? त्यांनी तसा विचारच केला नव्हता. परदेशी खेळात जसा सगळ्याच गोष्टींना खोटा नॉर्स मुलामा, तसा इथे खोटा संस्कृत मुलामा. संस्कृतचा मला आदर आहे. तिच्यातून घ्यायचं तर शूर्पणखेसारखं घ्या, ज्यात सूप दिसतं.

पोलंडच्या ‘विचर’ खेळांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. पहिला भाग 2007 चा. त्यांच्याकडे ग्रीक पुराणांसारखी जगाला पाठ असलेली पुराणं नव्हती. त्यांनी आपल्या खेड्यातली भुतं बाहेर काढली. रानाचा राखणदार लेशी. स्लाव भाषांत लेस म्हणजे जंगल. स्त्रीरूपी पिशाच स्त्रिगा. मोठ्या शहराचं नाव नोविग्राद, म्हणजे नवं नगर, आपल्याकडचं नवापूर म्हणा ना. साधी, मातकट नावं. 2011 मध्ये पोलंडच्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना भेट दिली ती या मालिकेच्या दुसऱ्या भागाची. गावच्या भुतांनी देशाची ओळख सांगितली.

आपल्याकडे ही दौलत केवढी आहे! मोल्सवर्थच्या 1857 च्या कोशात भुतांचे प्रकार वाचत बसलं तर संध्याकाळ होते. जखीण, म्हणजे यक्षिणी. पाण्यातल्या साती आसरा, म्हणजे अप्सरा. स्वर्गातली नाचणारी इथे विहिरीच्या कडेला सात दगड होऊन बसली. खवीस अरबीतून आला, तिथे खबीस म्हणजे दुष्ट. म्हणजे आपल्या एका पिंपळाखाली संस्कृत, प्राकृत आणि अरबी एकत्र राहतात. मुंजा, समंध, झोटिंग, गिऱ्हा, वेताळ. यातला प्रत्येक जण वेगळा वागतो, वेगळ्या जागी राहतो, वेगळं काही मागतो. आणि चकवा! रात्री रानातून चालताना चकवा लागला की माणूस पुन्हा पुन्हा त्याच झाडापाशी येतो. खेळ बनवणाऱ्याला यापेक्षा काय हवं? नियम, जागा, भीती, सगळं त्या तीन अक्षरांत तयार आहे. त्याला भ्रमासुर असं नाव दिलं की हे सगळं हातातून जातं.

ठिकाणांचंही तसंच. नाशिक जिल्ह्यातल्या किल्ल्यांची, डोंगरांची नावं नुसती मोठ्याने म्हणा: साल्हेर, सालोटा, मुल्हेर, मोरा, हरगड, चौल्हेर, धोडप, अहिवंत, अचला, कोळधेर, राजधेर, रवळ्या-जवळ्या, मांगी-तुंगी. कुठल्या लेखकाने बसून रचली असती तर त्याची वाहवा झाली असती. त्यांना गोत आहे. ती खेळात आली तर खेळणाऱ्याच्या कानाला नकाशा लागेल.

इथवर मी उत्साहाने बोलत होते. पण पेठकडे एका गावात बोहाडा बघायला गेले होते त्याची आठवण झाली की हा उत्साह जरा थांबतो. रात्री संबळ वाजत होता, मशालीच्या उजेडात एकेक सोंग येत होतं. देव, दैत्य, प्राणी. मुखवटा जड असतो, मागून धरून चालवावा लागतो. काही सोंगं ठरावीक घराण्यांकडेच पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मी शेजारच्या आजोबांना सहज विचारलं, “बाबा, हा मुखवटा विकत मिळेल का?” ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “ताई, तो विकायचा नाही. तो येतो.” मला लाज वाटली. आजही वाटते.

सुरगाणा, पेठ, कळवण या भागात वाघदेव आहे. वेशीवर त्याला पुजतात, वाघबारसेला नैवेद्य दाखवतात. कणसरी आहे, धान्याची आई. डोंगऱ्या देव आहे. आता समजा नाशिकच्या एखाद्या कंपनीने खेळ बनवला, वाघदेव हे नाव भारी वाटलं म्हणून घेतलं आणि तिसऱ्या पातळीवर त्याला मारायला लावलं. वाघाच्या डोक्याचा राक्षस काढणाऱ्या अमेरिकन माणसात आणि आपल्यात मग काय उरलं? त्याला निदान समुद्र ओलांडावा लागला होता. आपल्याला एसटीने काही तासांत पोहोचून विचारता आलं असतं. कोकणा, वारली, भिल्ल माणसांसाठी नाशिक शहर हेच परदेश आहे, आणि ‘आपल्या गोष्टी’ म्हणताना त्या ‘आपल्या’मध्ये ती आहेत की नाहीत हे आपण अजून ठरवलेलं नाही.

म्हणून बंदीपेक्षा मला दुसरं काही हवं आहे. नाव घ्या, पण ते ज्यांच्या तोंडात जिवंत आहे त्यांना विचारून घ्या. जो देव आज पुजला जातो त्याला मारायच्या यादीत टाकण्याआधी त्याच्या भक्तांसमोर बसून बोला, आणि ते नको म्हणाले तर दुसरं नाव शोधा. खेळातला आवाज त्या भाषेच्या माणसाचाच असू द्या, अहिराणी अहिराणीवाल्याची, कोकणा कोकण्याचा. खेळाच्या शेवटी नावांची पाटी येते तिच्यात त्यांचंही नाव हवं, आणि पाकीटही हवं. सरकारी धोरणातून ज्या खेळाला पैसा मिळेल त्याला ही अट घालायला काय हरकत आहे? यंत्रांना पैसा आहे, चित्रकाराला आहे. नाव देणाऱ्या म्हातारीला का नसावा? खेळ बनवणारे म्हणतील, एवढी चौकशी करायला वेळ कुठे असतो. असतो. एकेका पात्राच्या केसांवर ते आठवडे घालवतात.

कुणी असंही म्हणेल की खेळच आहे, एवढं काय मनावर घ्यायचं. मोक्षपट या आपल्या जुन्या खेळाचं उदाहरण देते. परंपरा तो ज्ञानेश्वरांशी जोडते, आणि त्यांचे थोरले भाऊ आणि गुरू निवृत्तिनाथ इथेच त्र्यंबकला विसावले आहेत. त्या पटावर प्रत्येक शिडीला, प्रत्येक सापाला नाव होतं. दया, भक्ती, काम, क्रोध. मूल फासा टाकत टाकत ते शब्द शिकायचं. 19 व्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडला गेला, तिथे आधी नावं बदलली, मग पुसली गेली, आणि उरले शंभर आकडे. तोच पट सापशिडी होऊन आपल्याकडे परत आला आणि आपण तो तसाच घेतला. मी लहानपणी तोच खेळले. सापाने गिळलं की खाली यायचं एवढं कळायचं; कुठल्या सापाने, ते कधी कळलं नाही.

परवाच्या रविवारी पुन्हा बहिणीकडे होते. भाचा आता स्वतः गोष्ट रचतोय. साल्हेरच्या पायथ्याचं रान, चार वाटसरू, अमावस्या. त्याने वहीत मोठ्या अक्षरात ‘चकवा’ लिहिलं होतं. त्याचा एक मित्र इंग्रजी माध्यमातला, त्याने ते वाचलं आणि ‘चहा’तला च लावला. आतून आईचा आवाज आला, “तो नाही रे, चमच्यातला.” मुलगा पुन्हा म्हणाला, पुन्हा तसंच. आई बाहेर आली, त्याच्यासमोर सतरंजीवर बसली, आणि दाताला जीभ कुठे लागते ते दाखवू लागली. पाचही जण तोंड उघडून तिच्याकडे बघत होते. फासा बराच वेळ कुणी टाकला नाही.